अणुवीज केंद्रातले इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह अ‍ॅक्च्युएटर आणि त्यांच्या चाचण्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हॉल्व्हच्या कारखान्यातले इंजिनिअर, टेंडर भरणारी मंडळी, खरेदी विभागातले लोक आणि डिप्लोमाचे विद्यार्थी यांच्याकडून हेच प्रश्न फिरून फिरून येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी समजेल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. इलेक्ट्रिक अ‍ॅक्च्युएटर म्हणजे नेमकं काय? अणुवीज केंद्रात त्याला इतकं महत्त्व का?

व्हॉल्व्ह उघडायला-मिटायला हाताऐवजी मोटर लावली की तो अ‍ॅक्च्युएटर. आत मोटर, गियर, व्हॉल्व्हची दांडी वरखाली करणारा नट, कुठवर गेलं ते सांगणारा लिमिट स्विच, किती जोर लागतोय ते पाहून मोटर थांबवणारा टॉर्क स्विच आणि बाहेर एक हँडव्हील. पाण्याच्या टाकीवरही हेच असतं आणि अणुभट्टीच्या शीतक पाइपवरही.

महत्त्व समजायला २८ मार्च १९७९ चा अमेरिकेतला थ्री माइल आयलंडचा अपघात पाहावा. तिथे दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकला आणि दोन तासांहून अधिक वेळ भट्टीचं पाणी त्यातून जात राहिलं. शेवटी त्याच्या अलीकडचा ब्लॉक व्हॉल्व्ह बंद केल्यावर ती गळती थांबली. तो ब्लॉक व्हॉल्व्ह मोटरवर चालणारा होता आणि त्या क्षणी कंटेनमेंटमधली, म्हणजे भट्टीभोवतीच्या बंदिस्त इमारतीतली, हवा नेहमीसारखी राहिलेली नव्हती. हा सगळा विषय त्या क्षणासाठीच आहे: चारी बाजूंनी वाफ असताना मोटरने एकदा, ठरल्या वेळात, फिरलं पाहिजे.

२. साधा अ‍ॅक्च्युएटर आणि अणुकेंद्राचा अ‍ॅक्च्युएटर बाहेरून सारखेच दिसतात. मग किमतीत एवढा फरक का?

ओतीव खोका पुष्कळदा सारखाच असतो, फरक आतल्या अधातू भागांत असतो. मोटरच्या वाइंडिंगचं इन्सुलेशन उष्णता आणि किरणोत्सार दोन्ही सोसणारं लागतं. टेफ्लॉन रसायनांना दाद देत नाही, पण गॅमा किरणांपुढे फार लवकर ठिसूळ होतं, म्हणून ते इथे टाळतात. स्विचचे प्लास्टिक भाग, ओ-रिंगचं (फट बंद करणाऱ्या गोल कड्याचं) रबर, आतल्या वायरी, ग्रीस या सगळ्यांची निवड त्याच हिशेबाने होते. किमतीचा दुसरा भाग कागदांचा आहे. कोणत्या बॅचचं रबर, कोणाचं ग्रीस, कोणत्या चाचणी-अहवालाशी हा नग जुळतो, याची साखळी तुटू न देणं हे खर्चाचं काम आहे. तो खर्च रास्त का, ते प्रश्न १४ मध्ये.

३. ‘हार्श’ आणि ‘माइल्ड’ जागा म्हणजे काय? सगळेच नग कडक चाचणीतून का काढत नाहीत?

अपघात झाला तर जिथलं वातावरण एकदम बदलतं, म्हणजे वाफ, दाब, मोठा किरणोत्सार, ती हार्श जागा. अपघातातही जिथली हवा नेहमीपेक्षा फारशी बिघडत नाही ती माइल्ड. अमेरिकेत १९८३ पासून हार्श जागेतल्या सुरक्षेच्या विद्युत उपकरणांना वेगळा नियमच आहे. फ्रेंच पद्धतीत के१, के२, के३ असे वर्ग असतात. के१ म्हणजे कंटेनमेंटच्या आत राहून अपघातातही काम करणारे. के२ आतलेच, पण फक्त नेहमीची स्थिती आणि भूकंप सोसणारे. के३ बाहेरचे.

सगळ्यांना के१ लावणं म्हणजे पैसा आणि वेळ नको तिथे घालवणं. मात्र टेंडरमध्ये नुसतं ‘न्यूक्लियर ग्रेड’ लिहिलेलं असेल तर त्याला अर्थ नाही. जागा कोणती, तापमान-दाब किती, किरणोत्साराची मात्रा किती आणि अपघातानंतर किती वेळ चालायचं, हे आधी लिहून मागा.

४. कोणती मानकं लागू होतात?

अ‍ॅक्च्युएटरसाठीचं खास मानक आयईईई ३८२ (आयईईई ही विद्युत इंजिनिअरांची संस्था). त्याची पहिली आवृत्ती १९७२ ची. त्याच्या डोक्यावर दोन सर्वसाधारण मानकं आहेत: क्वालिफिकेशनची, म्हणजे उपकरण अपघातातही चालेल हे सिद्ध करण्याची, रीत सांगणारं आयईईई ३२३ आणि भूकंपासाठी आयईईई ३४४. ही दोन्ही आता आंतरराष्ट्रीय मानकांशी एकत्र झाली आहेत. ३२३ चं २०१६ मध्ये आयईसी/आयईईई ६०७८०-३२३ झालं आणि ३४४ चं २०२० मध्ये ६०९८०-३४४. फ्रेंच आराखड्याच्या भट्ट्यांना आरसीसी-ई हे विद्युत उपकरणांचं फ्रेंच मानक लागतं. भारतात सुरक्षेच्या मंजुरीचा अधिकार मुंबईत अणुशक्तीनगरला असलेल्या अणुऊर्जा नियामक परिषदेचा.

विद्यार्थ्यांना सांगणं एवढंच की ३२३ आधी वाचा. ३८२ मधली प्रत्येक पायरी का आहे, ते तिथे कळतं.

५. चाचण्यांचा क्रम काय असतो? भूकंपाच्या चाचणीचं शेक टेबल आधी मोकळं मिळत असेल तर ती चाचणी आधी केली तर चालेल का?

नाही, चालणार नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि त्याचं उत्तर म्हणजेच या विषयाचा गाभा आहे.

सर्वसाधारण क्रम असा. आधी नव्या नगाची मूळ मोजमापं: टॉर्क, करंट, उघडायला लागणारा वेळ, इन्सुलेशनचा रोध. मग उष्णतेने म्हातारं करणं, हजारो वेळा उघडझाप करून झिजवणं, कंटेनमेंटच्या गळती-चाचणीच्या वेळी बाहेरून येणारा दाब, किरणोत्सार, पाइपच्या रोजच्या थरथरीसारखं कंपन, भूकंप आणि सर्वांत शेवटी अपघाताची वाफ. हे सगळं एकाच नगावर, त्याचे सुटे भाग न बदलता.

कारण अपघात वेळापत्रक पाहून येत नाही. तो पस्तिसाव्या वर्षीही येईल, जेव्हा रबर कडक झालेलं असेल, ग्रीस सुकलेलं असेल आणि वायरीचं आवरण ठिसूळ झालेलं असेल. नवाकोरा नग वाफेत टाकला तर बहुतेक वेळा तो निभावून नेतो, आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही. उष्णतेने व किरणांनी ठिसूळ झालेला भाग भूकंपात तडकतो, ती तड डोळ्याला दिसत नाही आणि मग वाफ तीच तड शोधून आत शिरते. शेक टेबल आधी केलं तर ही साखळीच तपासली जात नाही. तारीख सोयीची आहे म्हणून क्रम उलटला तर तो अहवाल कोणी मान्य करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

क्रमात थोडी मोकळीक असते. उदाहरणार्थ, नेहमीच्या आयुष्यातली आणि अपघातातली किरणोत्साराची मात्रा एकदमच देऊन टाकतात. पण ती आधीच्या आराखड्यात कारणासह लिहिलेली हवी.

६. चाळीस वर्षांचं आयुष्य सात आठवड्यांत कसं तपासता येतं? हे पटत नाही.

शंका योग्य आहे. अधातू पदार्थ उष्णतेने जुने होतात ते रासायनिक क्रियेमुळे, आणि तापमान वाढलं की ती क्रिया भराभर होते. किती पटीने, ते अर्‍हेनियसच्या सूत्रावरून काढतात. त्यात त्या पदार्थाची सक्रियण ऊर्जा, म्हणजे ती क्रिया घडायला लागणारी किमान ऊर्जा, घालावी लागते आणि सगळा खेळ त्या एका आकड्याचा आहे.

हिशेब करून पाहू. जागेचं तापमान ५०° से., आयुष्य ४० वर्षं, ओव्हन १३०° से. आणि सक्रियण ऊर्जा ०.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरली तर वेग सुमारे ३०० पट होतो आणि ओव्हनमध्ये ४९ दिवस लागतात. तीच ऊर्जा १.० धरली तर वेग सुमारे १,२४० पट आणि दिवस फक्त बारा! म्हणून अहवालात हा आकडा कुठून आला हे आधी पाहा. आतल्या सर्व पदार्थांपैकी सर्वांत कमी ऊर्जेचा पदार्थ धरणं सुरक्षित. कोणी मोठा आकडा धरून चाचणी झटपट उरकली असेल तर त्या पदार्थाच्या स्वतंत्र चाचणीचा पुरावा मागा.

ओव्हनचं तापमान मनमानी चढवता येत नाही. कुकरमध्ये भात लवकर शिजतो म्हणून आच तिप्पट केली तर तो करपतो, तसंच आहे हे. प्लास्टिक मऊ पडणं, ग्रीसमधलं तेल सुटणं अशा गोष्टी प्रत्यक्ष ५०° ला होणारच नसतील तर त्या ओव्हनमध्ये घडवून काही कळत नाही.

७. किरणोत्साराची चाचणी कशी करतात? त्यानंतर अ‍ॅक्च्युएटर स्वतः किरणोत्सारी होतो का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: होत नाही. इथे कोबाल्ट-६० चे गॅमा किरण वापरतात. त्यांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट. त्याने पदार्थाचे रेणू तुटतात, पण धातू किरणोत्सारी होत नाही. नग बाहेर काढल्यावर हातात धरता येतो. वैद्यकीय सामान याच किरणांनी निर्जंतुक करतात. तुर्भ्याचा आयसोमेड प्रकल्प ते काम १९७४ पासून करतो आहे.

मात्रा जागेवर अवलंबून. अमेरिकी सर्वसाधारण आराखड्यात आयुष्यभराची आणि अपघाताची मिळून सुमारे २० लाख ग्रे (ग्रे हे मात्रेचं एकक) धरली जाते. जुन्या अहवालांत हेच ‘२०० मेगारॅड’ असं दिसेल. एक ग्रे म्हणजे १०० रॅड.

खरी मेख दराची, म्हणजे मात्रा किती वेगाने दिली याची, आहे. केंद्रात ही मात्रा वर्षानुवर्षं झिरपते, प्रयोगशाळेत काही दिवसांत देतात. दर फार मोठा असेल तर हवेतला ऑक्सिजन रबराच्या आतपर्यंत पोचायच्या आधीच मात्रा पूर्ण होते आणि रबर प्रत्यक्षापेक्षा कमी बिघडलेलं दिसतं. म्हणून दराला वरची मर्यादा घालतात. ती ओलांडून घाई करू नका.

८. भूकंपाच्या चाचणीत जमिनीपेक्षा कितीतरी जास्त हादरा का देतात?

अ‍ॅक्च्युएटर जमिनीवर नसतो, पाइपवर असतो. जमीन हलते तेव्हा इमारत तो हादरा वाढवते आणि पाइप आणखी वाढवतो. व्हॉल्व्हच्या वर बाजूला लोंबणारा जड नग म्हणजे लांब काठीच्या टोकाला बांधलेलं ओझं. त्यामुळे पाइपवरच्या नगांना ‘जी’च्या (गुरुत्वीय त्वरणाच्या) कित्येक पटींत हादरे द्यावे लागतात.

आधी नगाची स्वतःची कंपनसंख्या शोधतात. ती ३३ हर्ट्झच्या वर असेल तर नग ताठ आहे असं समजतात. मग छोट्या भूकंपाचे पाच हादरे आणि मोठ्या भूकंपाचा एक, तेही नग उघडझाप करत असताना. या वेळी स्विचचे संपर्क क्षणभर जरी आपोआप जुळले किंवा सुटले तरी ती नोंद महत्त्वाची, कारण खोटा इशारा नियंत्रण कक्षात जातो. भूकंपाआधीच्या रोजच्या थरथरीसाठी ५ ते १०० हर्ट्झपर्यंत वरखाली जाणारं ०.७५ जी चं कंपन प्रत्येक अक्षात दीड तास देतात. आपल्याकडे बेंगळुरूच्या केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेत आणि चेन्नईच्या एसईआरसी या संरचना अभियांत्रिकी संशोधन केंद्रामध्ये अशी शेक टेबलं आहेत.

९. वाफेच्या चाचणीत नक्की काय होतं? नग नापास होतो तो कुठे?

शीतकाचा मोठा पाइप फुटला तर कंटेनमेंटमध्ये काही सेकंदांत जे घडेल ते एका दाबपात्रात घडवतात. नग आत बसवतात, वीज आणि इशाऱ्यांच्या केबली भिंतीतून बाहेर काढतात आणि गरम वाफ एकदम सोडतात. के१ वर्गाचं उदाहरण घेतलं तर शिखर १५६° से. आणि ५.६ बार. वाफेच्या तक्त्यात पाहिलं तर हे दोन आकडे एकमेकांचे जोडीदारच आहेत, म्हणजे ही संपृक्त वाफ. मुख्य वाफेची नळी फुटली तर वाफ याहूनही गरम, कोरडी असू शकते आणि त्यासाठी वेगळा आलेख लागतो. कित्येक आराखड्यांत हे शिखर दोनदा देतात. जिथे कंटेनमेंटमध्ये रासायनिक फवारा असतो तिथे बोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइडचं पाणीही वरून सोडतात. मग तापमान टप्प्याटप्प्याने उतरत जातं आणि नग अनेक दिवस दमट उष्णतेत राहतो. अपघातानंतरचे महिने प्रश्न ६ च्याच हिशेबाने आटोपते घेतात.

ठरलेल्या क्षणांना नगाने भारासकट उघडझाप करायची असते. दरम्यान इन्सुलेशनचा रोध आणि करंट सतत पाहायचे.

नापास होण्याच्या जागा मोठ्या नसतात. केबल जिथून आत शिरते ती ग्लँड, झाकणाची ओ-रिंग, टर्मिनल पट्टी आणि आत साचलेलं पाणी. थंड नगावर गरम वाफ आली की ती आत निवते, पाणी तळाशी उतरतं आणि वाइंडिंग भिजतं. यासाठी मोटरच्या तळाला टी-ड्रेन नावाचा छोटा निचरा बसवतात. चाचणी टी-ड्रेनसह झाली असेल आणि केंद्रात मोटरला नुसता प्लग लावला असेल, किंवा ड्रेन मोटरच्या वरच्या अंगाला आला असेल, तर बसवलेला नग चाचणी झालेला नग नव्हे. अमेरिकेत १९८० च्या दशकात तपासण्यांत अशा गोष्टी, तसंच आत अहवालाशी न जुळणाऱ्या वायरी, खरोखर सापडल्या होत्या.

१०. चाचणीच्या वेळी मुद्दाम कमी व्होल्टेज का देतात?

अपघाताच्या वेळी डिझेल जनरेटरवर मोठमोठे पंप एकदम चालू होतात आणि व्होल्टेज खाली येतं. एसी मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतो. ८० टक्के व्होल्टेजला टॉर्क ६४ टक्के, ७० टक्क्यांना जेमतेम ४९. त्यात गरम वाइंडिंगने आणखी घट. पाटीवरचा टॉर्क पाहून व्हॉल्व्हला जोडी लावणाऱ्यांनी हा गुणाकार आधी करावा.

११. काही ठिकाणी ओव्हरलोड रिले (करंट फार वाढला की मोटर बंद करणारा) बायपास करतात. मोटर जळेल ना?

जळू शकते. साध्या कारखान्यात मोटर वाचवणं हे संरक्षणाचं काम आहे. इथे व्हॉल्व्ह उघडणं हे काम आहे आणि मोटर त्यासाठी खर्ची पडली तरी चालते. म्हणून अपघाताच्या इशाऱ्यावर रिले बायपास करतात किंवा त्याची मर्यादा पुरेशी वर ठेवतात. नेहमीच्या चाचण्यांत मात्र ते संरक्षण चालू ठेवावं.

टॉर्क स्विचचंही असंच. घट्ट बसलेला गेट व्हॉल्व्ह (तबकडी वरखाली सरकवून वाट उघडणारा-मिटणारा) सुटताना सुरुवातीला फार जोर लागतो, तेवढ्या प्रवासापुरता टॉर्क स्विच बायपास असतो. ९ जून १९८५ रोजी ओहायोतल्या डेव्हिस-बेस केंद्रात साहाय्यक पाणीपुरवठ्याचे व्हॉल्व्ह चुकून बंद झाले आणि नियंत्रण कक्षातून उघडेनात. दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक मोठा होता, बायपासचा पल्ला त्यापुढे तोकडा पडला आणि टॉर्क स्विचने मोटर मध्येच थांबवली. माणसांनी धावत जाऊन ते हाताने उघडले. मोटर शाबूत, वीज शाबूत, चुकली होती ती फक्त स्विचची सेटिंग.

१२. अ‍ॅक्च्युएटर पास आहे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारच ना?

तसं धरून चालू नका. अ‍ॅक्च्युएटरचं क्वालिफिकेशन सांगतं की अमुक वातावरणात हा एवढा टॉर्क देईल. व्हॉल्व्हला तेवढा पुरेल का, हा निराळा हिशेब. डेव्हिस-बेसनंतर १९८९ मध्ये अमेरिकी नियामकाने जेनेरिक लेटर ८९-१० काढून सगळ्या केंद्रांना सुरक्षेचे मोटर-व्हॉल्व्ह प्रत्यक्ष दाबफरकाखाली तपासायला लावले, आणि अनेक ठिकाणी जुनी सूत्रं कमी जोर दाखवत होती असं आढळलं.

गेट व्हॉल्व्हमध्ये आणखी दोन अडचणी येतात. दोन तबकड्यांच्या मध्ये अडकलेलं पाणी तापून दाब चढतो आणि तबकड्या चिकटतात, किंवा गरम असताना मिटलेली पाचर थंड होताना आवळली जाते. २०१० मध्ये अलाबामातल्या ब्राउन्स फेरीच्या पहिल्या युनिटमध्ये तर व्हॉल्व्हची तबकडी दांडीपासूनच सुटलेली निघाली. अ‍ॅक्च्युएटर फिरत होता, दांडी वर जात होती, पाण्याची वाट मात्र बंद.

१३. एका मॉडेलची चाचणी झाली की पूर्ण मालिका पास धरता येते का?

कधी कधी. रचना, पदार्थ आणि काम करण्याची रीत सारखी असेल आणि फक्त आकार बदलत असेल, तर निवडक आकारांवर चाचणी करून मधले आकार कारणांसह मान्य करतात. एसी मोटरवरून डीसी मोटर, किंवा यांत्रिक स्विचवरून इलेक्ट्रॉनिक पट्टी, ही उडी अशा कारणांनी मारता येत नाही. इलेक्ट्रॉनिक पट्टीला किरणोत्सार फार सोसत नाही, म्हणून के१ जागेत ती नगापासून दूर, सुरक्षित खोलीत ठेवतात.

१४. ग्रीस किंवा ओ-रिंग बाजारात मिळत नाही. तसलीच दुसरी लावली तर प्रमाणपत्र टिकतं का?

‘तसलीच’ या शब्दाने फार नुकसान होतं. एकाच नावाच्या रबरात भरणद्रव्यं वेगळी असतात. नायट्राइलच्या जागी ईपीडीएम गेलं तर किरणोत्सार जास्त सोसेल, पण खनिज तेलाच्या ग्रीसने ते फुगेल.

ग्रीसचं उदाहरण प्रत्यक्षातलं आहे. लिमिटॉर्क कंपनीच्या नगांच्या गियरबॉक्ससाठी वर्षानुवर्षं नेब्युला ईपी नावाचं ग्रीस वापरात होतं. ते बनणं बंद झाल्यावर दुसरं ग्रीस नुसतं भरून चाललं नाही. उष्णता, किरणोत्सार, जुन्या ग्रीसमध्ये मिसळल्यावर काय होतं, हे सगळं तपासूनच बदल झाला. धातूही सुटलेले नाहीत. मॅग्नेशियम मिश्रधातूचा रोटर असलेल्या मोटरी उष्ण-दमट जागेत गंजून निकामी झाल्याचं अमेरिकी नियामकाने २००८ मध्ये सगळ्यांना कळवलं होतं.

म्हणून बदल करायचा तर पदार्थाची तुलना, लागेल तिथे त्या भागाची स्वतंत्र चाचणी आणि लेखी मंजुरी. स्टोअरमधल्या माणसाला हे माहीत असणं डिझायनरला माहीत असण्याइतकंच गरजेचं आहे, कारण ओ-रिंग प्रत्यक्षात तोच काढून देतो.

१५. चाचणीत मध्येच बिघाड झाला तर दुरुस्त करून पुढे जाता येतं का?

बिघाड प्रयोगशाळेच्या सामानाचा असेल, समजा पात्राबाहेरची केबल तुटली, तर नोंद करून पुढे जाता येतं. नगाचा असेल तर कारण शोधायचं. भाग बदलला तर तो भाग आधीच्या सगळ्या पायऱ्यांतून गेलेला नसतो, त्यामुळे त्याचं क्वालिफिकेशन शून्यापासून. दुसरा मार्ग म्हणजे त्या भागाचं आयुष्य जिथवर टिकलं तेवढंच जाहीर करणं आणि त्या मुदतीत तो बदलण्याची अट घालणं. बिघाड अहवालातून गाळणं मात्र कधीही क्षम्य नाही.

१६. आकड्यांवर ‘मार्जिन’ किती ठेवायचं?

आयईईई ३२३ प्रमाणे: शिखर तापमानावर ८° से., दाबावर १० टक्के, अपघाताच्या किरणमात्रेवर १० टक्के, भूकंपाच्या त्वरणावर १० टक्के, व्होल्टेजवर दोन्ही बाजूंनी १० टक्के. हे एका नगातून दुसऱ्या नगात येणाऱ्या फरकासाठी आहे. जागेच्या तापमानाचा अंदाज चुकला असेल तर ते यातून भरून काढता येत नाही.

१७. प्रमाणपत्रावर ४० वर्षं लिहिलंय. केंद्र त्याहून जास्त चाललं तर?

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. तारापूरची पहिली दोन युनिटं १९६९ ची. नग बदलणं हा एक मार्ग. दुसरा म्हणजे जागेचं खरं तापमान मोजून हिशेब पुन्हा मांडणं. आराखड्यात ५०° धरले आणि प्रत्यक्षात ४२° निघाले तर मुदत वाढते. पण उलटंही होतं, आणि ते विसरू नये. प्रश्न ६ मधल्याच आकड्यांनी, जागा ५०° ऐवजी ६०° निघाली तर ४० वर्षांची सुमारे १७ च उरतात. शेजारच्या वाफेच्या पाइपचं उष्णतारोधक आवरण दुरुस्तीनंतर परत नीट बसवलं नाही, एवढं कारण त्याला पुरतं. शिवाय ओ-रिंग, ग्रीस यांची मुदत ४० वर्षं कधीच नव्हती. त्या वेळच्या वेळी बदलल्या जातात या अटीवरच ते प्रमाणपत्र आहे.

१८. फुकुशिमासारख्या अपघातात हे अ‍ॅक्च्युएटर चालतील का?

वरच्या सगळ्या चाचण्या आराखड्यात धरलेल्या अपघातासाठी आहेत. गाभा वितळण्यापर्यंत गेलेल्या अपघातात उपकरण किती तास तग धरेल, याचा विचार वेगळ्या पद्धतीने करतात. आणि वीजच नसेल तर उत्तम अ‍ॅक्च्युएटरही लोखंडाचा खोका आहे. १२ मार्च २०११ ला फुकुशिमा दाइचीच्या पहिल्या युनिटमध्ये कंटेनमेंटचा दाब सोडण्यासाठी कर्मचाऱ्यांनी अंधारात जाऊन मोटर-व्हॉल्व्ह हाताने २५ टक्के उघडला. पुढच्या हवेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हकडे निघालेल्या दुसऱ्या तुकडीला मात्र किरणोत्सारामुळे परत फिरावं लागलं.

त्यामुळे निविदा तपासताना हँडव्हीलकडेही पाहा. ते फिरवायला किती जोर लागतो, पूर्ण उघडायला किती फेरे होतात, मुखवटा आणि जाड हातमोजे घातलेला माणूस तिथे उभा राहू शकतो का.

१९. चाचणी झालेला नग नंतर केंद्रात बसवतात का?

कधीच नाही. त्याचं आयुष्य संपलेलं असतं. तो पूर्ण उघडून प्रत्येक भाग तपासतात, फोटो घेतात: कोणती ओ-रिंग चपटी झाली, ग्रीस किती काळं पडलं, पाण्याची रेघ कुठवर आली. त्यानंतरही तो सुटा करून जपून ठेवावा, असं मी प्रत्येकाला सांगते. दहा वर्षांनी ग्लँडबद्दल कोणी शंका काढली तर अहवालातल्या फोटोपेक्षा ती ग्लँड हातात घेऊन पाहता येते.